मालूला दिसणारं लाल पाणी

चांगोला टाकीतून वर काढलं तेव्हा तो कमरेपर्यंत लाल होता. मुरबाडजवळच्या कापड रंगवायच्या कारखान्यात तो सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरला होता. तळाच्या गाळातला वायू नाकात गेला आणि हाक मारायलाही सवड मिळाली नाही. डोळखांबकडच्या पाड्यावर मयत आणलं. बायकोनं, मालूनं, त्याच्या पायांवर घड्यामागून घडे ओतले. रंग उतरला नाही. तसाच त्याला मसणात नेलं. ते साल शहाण्णव.

त्यानंतर मालूला पाण्यात लाल दिसायला लागलं. तांदूळ धुताना, हंड्यात, डबक्यात. एका बारशाला तिनं पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. भगतानं कोंबडं घेतलं, पण लाल तिथंच राहिलं. मग ती त्याविषयी बोलेनाशी झाली. डोळे मिटून पाणी प्यायची.

कारखान्यानं नवऱ्यामागं झाडलोटीचं काम देऊ केलं, ते तिनं घेतलं.

"त्याच जागी जातेस, भ्या नाय वाटत?" शेजारच्या रखमीनं विचारलं.

"तिथं सगल्यांनाच लाल दिसतं गो," मालू म्हणाली. "तेवढंच बरं वाटतं."

पुढं ओढ्याखालच्या गावांनी रंगीत पाण्यावरून ओरड केली आणि दोन हजार चारात कारखान्यात नवं यंत्र आलं. ते सांभाळायला शहापूरची हर्षाली नावाची इंजिनीयर आली. उंच काचेच्या नळकांड्यात खालून ओझोन वायूचे बुडबुडे सुटायचे. आत अतिनील दिवे, आणि पट्ट्यांवर टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीचा लेप. उजेड पडला की लेप जागा होतो आणि रंग फोडून काढतो, असं हर्षालीनं सगळ्यांना सांगितलं.

"मंग रंग जातो कुठं?" मालूनं दारातून विचारलं.

"जात नाही मावशी, मोडतो. उरतच नाही."

लाल पाणी गुलाबी झालं, मग निवळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालूला ते गुलाबीच दिसत राहिलं. तिनं हर्षालीला तसं सांगितलं. हर्षाली हसली नाही, पांढऱ्या कागदापुढं पेला धरून कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला तर काही दिसत नाही गं." तेव्हापासून कामगार मालूला चिडवायचे, "मावशी, आज किती लाल?"

एका उन्हाळ्यातल्या दुपारी ती बाहेरच्या गटारीशी झाडत होती. पाणी लाल वाहत होतं. तिनं नेहमीसारखी मान फिरवली, पण पाय हलेना. सोबतीण पारू पलीकडं कचरा भरत होती.

"पारू, पानी कसं दिसतं गो तुला?"

"लाल. का?"

मालू मटकन खाली बसली आणि मोठ्यानं हसली. आपण हसतोय हे कळल्यावर ती थांबली. पाणी खरंच लाल होतं. मग ती हर्षालीकडं धावत सुटली.

हर्षालीनं पाण्याची झडप बंद केली. दिव्यांच्या काचांवर पुटं चढली होती, उजेड पाण्यापर्यंत पोचतच नव्हता. लेप सुटून भुकटी खालच्या टाकीत, तळातल्या नळाच्या तोंडाशी अडकली होती. हर्षाली साहेबांना फोन करायला वळली, तेवढ्यात धसईचा कामगार अनंता सदरा काढून शिडीकडं निघाला. टाकीतून वीज पडल्यावर येतो तसा उग्र वास येत होता.

मालू टाकीच्या तोंडावर आडवी बसली.

"ऊठ मावशी, दोन मिनटांचं काम हाय."

"नाय."

"पानी तुंबलंय!"

"तुंबू दे. चांगो पन असाच बोललेला."

अनंता शिडीशीच थांबला. मालूनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. हर्षालीनं फोन खाली ठेवला. ओझोनचं यंत्र बंद केलं, टाकीत पंख्यानं हवा मारली, वास जाईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग अनंताच्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक मालूनं धरलं.

अनंता कोपरापर्यंत भुकटीनं माखून, कुरकुरत वर आला. "सोड ना आता," तो म्हणाला. दोरीवरची मालूची बोटं पारूला एकेक करून सोडवावी लागली.

मालू पुढं बरीच वर्षं तिथंच राहिली. पाणी तिला कधी निवळ दिसायचं, कधी नाही. निवळ दिसलं नाही की ती पारूला विचारायची, आणि पारू दर वेळी वाकून, नीट बघून सांगायची.