गमीची होळी

भोपाळची बोली आमच्या घरात फक्त माझ्या बायकोलाच आली. नोकरीसाठी इथं आलो मी, पण कारखान्यातून घरी आलो की पुस्तक उघडून बसायचो. माझी हिंदी शेवटपर्यंत छापील राहिली. ती मात्र अयोध्या नगरच्या बाजारातून भाजीच्या पिशवीबरोबर रोज एखादा नवा शब्द आणायची. 'मी'च्या जागी 'अपन' म्हणू लागली. चहात चिमूटभर मीठ घालू लागली आणि तो मला जबरदस्तीनं पाजू लागली.

'को खां' हा इथला रामराम. पुरुषांनी पुरुषांना घालायचा, चौकात, पानाच्या टपरीवर. तिनं तो सरळ घरात आणला. संध्याकाळी मी फाटक उघडलं की स्वयंपाकघरातून हाक यायची, "को खां, आ गए?" त्यातल्या 'खां'वर ती एक लांबट हेल काढायची. समोरच्या घरातले निवृत्त फोरमन आपल्या ओट्यावरून ते ऐकत आणि म्हणत, "भाभी तो पक्की भोपाली हो गईं. भैया अब्भी तक किरायेदार हैं."

यंदाच्या थंडीत ती गेली.

त्यानंतरही संध्याकाळी फिरून आलो की हाक येत राहिली. फाटकाची कडी वाजते, मी चप्पल काढतो, आणि आतून ती विचारते. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर ओट्यावर उन्हाची तिरीप तेवढी असते. मी हे कोणाला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच. ती दुसऱ्या दिवशी येऊन मला पुण्याला घेऊन गेली असती. मला जायचं नव्हतं. घरात दुसरा आवाज नसला की ती हाक स्वच्छ ऐकू येते, हे मला कळलं होतं. म्हणून मी रेडिओ लावत नव्हतो, कामवाल्या बाईंनाही दुपारीच यायला सांगितलं होतं. वर्षभर सण करायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज मला आधाराचा वाटला. निदान एक वर्ष हे घर असंच शांत ठेवता येणार होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराला आतून कडी घातली आणि खिडक्या लावून घेतल्या. दुखवट्याच्या घरी, इथल्या बोलीत 'गमी'च्या घरी, रंग घेऊन कोण येणार, असं वाटलं होतं. पण थोड्या वेळानं दार वाजलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर गल्लीतली सगळी मोठी माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी. पुढे फोरमनांच्या पत्नी, ज्यांना ही 'जिज्जी' म्हणायची. त्यांच्या हातात ताटली, आणि ताटलीत गुलाल.

मला संताप आला. मी दार उघडलं नाही.

बाहेर कोणी गडबड केली नाही. फोरमन म्हणाले, "अमां खोलो यार, मातम में आए हैं, बारात में नहीं."

"आज नको," मी आतून म्हणालो, मराठीतच.

मग जिज्जींचा आवाज आला, अगदी दाराजवळून. "भैया, पहले गमी वाले घर में गुलाल लगता है, फिर मोहल्ला खेलता है. हर साल वो हमारे संग जाती थी. आज पहली बार उसके बिना निकले हैं."

माझा हात कडीवर गेला. दरवर्षी या सकाळी ती पांढरी साडी नेसायची. "आधी एका घरी जाऊन येते, मग रंग," म्हणायची. मी पुस्तकातून मान वर न करता 'हं' म्हणायचो. ती घरं कुणाची, हे आज दाराच्या आत उभा राहून मला कळत होतं. कितीतरी बंद दारांपुढे ती अशीच उभी राहिली असेल.

मी कडी काढली.

ते आत येऊन बसले. जिज्जींनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, चिमूटभर, कोरडा. मग त्या उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि चौकटीला, तिचा हात टेकायचा तिथं, एक बोट ओढून आल्या. जाताना फोरमन म्हणाले, "शाम को आऊंगा. चाय पिऊंगा, भाभी वाली." ते गेल्यावर गल्लीत पहिली पिचकारी उडाली, आणि दुपारपर्यंत नुसता कल्लोळ.

मी खिडक्या उघडून टाकल्या. पण संध्याकाळची भीती वाटत होती. इतके आवाज घरात येऊन गेल्यावर तिची हाक येईल का?

उन्हं कलल्यावर मी मुद्दाम बाहेर गेलो, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. कडी वाजवली. चप्पल काढली. थांबलो.

काही नाही. नळातून पाणी ठिबकत होतं.

चहा ठेवला. मीठ घातलं, किती घालायचं ते न कळून थोडं जास्तच पडलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "को खां, आ गए?"

तसाच लांबट हेल होता. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली, कारण तो आवाज माझ्याच तोंडातून आला होता.

बाहेर फोरमनांची पावलं थांबली. बराच वेळ ते अंगणातच उभे राहिले असावेत. मी चौकटीवरच्या गुलालाशी हात टेकून त्यांची वाट पाहिली. ते आत आले तेव्हा माझ्याकडे नाही, माझ्या मागे, ओट्याकडे, तिला शोधत असल्यासारखे पाहत होते.