दोन चमचे

इंग्लंडात लँकशरमधल्या पॅडिहॅमच्या कापडगिरण्यांत राबलेल्या बायकांसमोर कुणाची चुगली करायची सोय नव्हती. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नसे, म्हणून सगळ्याजणी ओठांकडे बघून बोलणं ओळखायच्या. ही विद्या भोंगा वाजल्यावर गिरणीत ठेवून येता येत नाही. चॅपेलमध्ये पलीकडच्या बाकावर कोण कुणाला काय कुजबुजलं, हे त्यांना प्रवचनापेक्षा नीट कळायचं. एनिड ऑर्मरॉड त्यांतलीच. शाळा सुटली तशी ती मागावर उभी राहिली, आणि गिरणीला टाळं लागलं तेव्हाच तिथून हलली.

तिचा नवरा क्लिफर्ड त्याच गिरणीत टॅक्लर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. लँकशरमध्ये टॅक्लर म्हटला की लोक आधी हसून घेतात आणि मग नाव विचारतात. जगातले सगळे मठ्ठपणाचे किस्से त्यांच्या नावावर खपवलेले. टॅक्लरला बायको ओळखायला सांगितली तर तो तिला तेल घालून बघेल, असं एनिडची शेजारीण अ‍ॅडा पिकप त्याच्या तोंडावर म्हणायची. क्लिफर्डही हसायचा. पण हसताना तो कान चोळायचा, आणि ते फक्त एनिडला दिसायचं.

त्यांचं लग्न झालं तेव्हा साखर अजून रेशनवर होती. दोघं क्लिफर्डच्या आईकडे राहत. म्हातारी शिस्तीची. फळीवर तीन बरण्या, प्रत्येकीवर ज्याचं त्याचं नाव, आठवड्याची साखर ज्याची त्याच्या बरणीत. एनिडच्या माहेरी साखर फक्त मुरंब्यासाठी जपून ठेवत, त्यामुळे तिला लहानपणापासून बिनसाखरेचाच चहा आवडायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिफर्ड जिन्यावरून कप सांभाळत वर आला. ‘‘पी पोरी, गार होईल,’’ म्हणाला आणि काठावर बसून राहिला. पहिला घोट घेताच तिचं तोंड गोडमिट्ट झालं. दोन चमचे तरी असतील. ती सांगणारच होती, पण खाली गेल्यावर तिला फळीवर त्याची बरणी उतरलेली दिसली. गिरणीत हा गडी चहात तीन चमचे घालून प्यायचा हे तिला ठाऊक होतं. आता तो स्वतः कडू चहा पीत होता आणि आपल्या वाटणीची साखर तिच्या कपात ओतत होता. तिच्या बरणीला त्यानं हातही लावला नव्हता.

यावर कोणती बाई म्हणेल, की मला नको? एनिडनं मुकाट्यानं तो चहा प्यायला. पुढे रेशन उठलं, स्वतःचं घर झालं, क्लिफर्ड पुन्हा तीन चमचे घ्यायला लागला, पण तिचा सकाळचा कप तसाच वर येत राहिला, दोन चमच्यांचा. आता काय सांगायचं, असं म्हणता म्हणता वीसेक वर्षं गेली. आमच्याकडे माणसं एवढ्यातेवढ्याला संकोचतात आणि तो संकोच जन्मभर गिळत राहतात, याला माझा इलाज नाही.

‘हँड ऑन हार्ट’ हा खेळ टीव्हीवर शनिवारी लागायचा. चहाची भांडी आवरून सगळी गल्ली त्यापुढे बसायची. नवराबायको यायचे. बायकोला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर बँड वाजवणारे हेडफोन चढवायचे, आणि बाहेर नवऱ्याला तिच्याबद्दल विचारायचं. मग ती बाहेर येई, छातीवर हात ठेवी आणि तेच प्रश्न तिला. उत्तरं जुळली की बक्षीस. अ‍ॅडानंच ऑर्मरॉड जोडप्याचं नाव कळवलं. बोलावणं आलं तेव्हा मँचेस्टरला जायला गिरणीतल्या बायकांनी बस ठरवली. पहिलं बक्षीस होतं कॅरव्हॅन, चाकांवरचं अख्खं घर. क्लिफर्डनं मागच्या अंगणाची मापं घेऊन ठेवली आणि तिथला कोळशाचा ढीगही हलवला.

‘‘तुम्हाला कोण हरवणार?’’ अ‍ॅडा बसमध्ये म्हणाली. ‘‘काच असो नाहीतर भिंत, एनिड त्याचे ओठ वाचेल. हेडफोन घाला की गोणपाट.’’

खरंच होतं ते. काचेच्या खोलीतून क्लिफर्ड समोर स्वच्छ दिसत होता आणि प्रेक्षकांतून अ‍ॅडा डोळे मोठे करून खुणा करत होती. पण एनिड चॅपेलला जाणारी. ती मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत बसली.

पहिली दोन उत्तरं जुळली. ती कुठल्या कुशीवर झोपते, आणि तिला बदकांची भीती वाटते, हे दोन्ही क्लिफर्डनं बरोबर सांगितलं होतं. मग तिसरा प्रश्न. ‘‘मिसेस ऑर्मरॉड, छातीवर हात. तुम्हाला चहात साखर किती आवडते?’’

‘‘साखर? मला नाही आवडत,’’ एनिड म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला कळलं आपण काय केलं. क्लिफर्ड काय म्हणाला असेल हे कळायला ओठ वाचायची गरजच नव्हती.

प्रेक्षक हसून लोटपोट झाले. सूत्रधारानं क्लिफर्डच्या खांद्यावर हात टाकला. ‘‘साहेब, रोज सकाळी चहा नेमका कुणाला नेऊन देता?’’ पुन्हा हशा. क्लिफर्डही हसला आणि कान चोळत राहिला. कॅरव्हॅनवर पडदा पडला. हरलेल्यांना म्हणून त्यांना एक यंत्र मिळालं, उशाशी ठेवायचं, घड्याळासकट. सकाळी गजर व्हायच्या आत ते आपोआप पाणी उकळून चहा करायचं.

परतीच्या बसमध्ये टॅक्लरचे सगळे जुने किस्से निघाले आणि एका नव्याची भर पडली. अ‍ॅडा कुजबुजली, ‘‘वाचायचे होतेस ना गं ओठ. कुठे नेऊन ठेवणारेस एवढा खरेपणा?’’

घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिनं सुरुवात केली. ‘‘क्लिफ, तसं नव्हतं रे ते...’’

‘‘हात छातीवर होता तुझा,’’ तो म्हणाला. ‘‘इतकी वर्षं मी वर घेऊन येतोय आणि तू नाक दाबून पितेस. एकदा तोंड उघडायचं होतंस.’’

‘‘ऐकून तर घे.’’

‘‘ऐकलं की. सगळ्या देशानं ऐकलं.’’

त्यानं यंत्र तिच्या बाजूला लावून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहा घेऊन वर येणं बंद केलं. बाकी त्याच्यात काही खोट नव्हती. तिचे बूट शिवायचा, बागेतला पहिला वाटाणा तिला सोलून द्यायचा, तिच्या आईच्या आजारपणात रात्री जागला. पण चहाचा विषय निघाला की उठून अंगणात जायचा. तिनं आणखी दोनतीनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. ते यंत्र मात्र कायमचं बंद पडेना. बिघडलं तर हा बसायचा पान्हा घेऊन आणि पुन्हा चालू करायचा. टॅक्लरच तो.

आणि एनिडला तो चहा घशाखाली जाईना. तिला हवा तसाच होता तो, बिनसाखरेचा, पण सकाळ झाल्यासारखं वाटेना. क्लिफर्ड दाढी करत असला की ती कप घेऊन हळूच खाली जायची, साखर घालायची, दोन चमचे, आणि उभ्यानंच पिऊन टाकायची. पुढे पुढे तिला तशीच चव लागली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

म्हातारपणी क्लिफर्डला झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. ओठ हलायचे, पण त्यांतून नुसती हवा. त्याला टेकडीवरच्या वृद्धनिवासात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं संपलं. एनिड रोज दुपारी जायची, त्याच्या ओठांकडे बघायची आणि त्याला काय हवंय ते नर्सना सांगायची. सूपमध्ये मीठ जास्त झालंय, खिडकी लावा, शेजारचा म्हातारा रेसचे निकाल खोटे सांगतो. सगळ्यांना नवल वाटे. तिला नाही वाटलं. पण तिथेही चहा यायचा ट्रॉलीवरून, आणि तेवढ्यापुरता क्लिफर्ड तिच्याकडे बघायचा नाही.

निवासात करमणुकीचं काम मॉरीन डक्सबरी बघायची, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, मनानं चांगली बाई. जुन्या टीव्हीच्या खेळांची तिला भारी हौस. कधी चाक फिरवायची, कधी पुढचा पत्ता मोठा की लहान ते विचारायची, आणि म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर थोडी जान यायची. एका बुधवारी ती म्हणाली, ‘‘आज ‘हँड ऑन हार्ट’. ऑर्मरॉड, तुम्ही दोघं या बघू.’’ तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

एनिड नाही म्हणणार, तोवर क्लिफर्ड डाव्या हातानं खुर्चीचं चाक पुढे ढकलत होता.

तिला व्हरांड्यात बसवलं, कानांवर लोकरीची टोपी ओढली आणि काचेचं दार लावलं. आतून मॉरीनचा मोठा आवाज पुसट ऐकू येत होता. या वेळी एनिडनं मान खाली घातली नाही. तिनं बघितलं.

मॉरीननं काहीतरी विचारलं आणि चहाच्या ट्रॉलीकडे बोट दाखवलं. क्लिफर्डनं साखरेचं भांडं डाव्या हातानं दूर सारलं. मॉरीननं मान डोलावून पाटीवर लिहिलं. त्याचे ओठ मात्र हलतच होते, अर्धेच, वाकडे, आणि ते एनिडखेरीज कुणासाठी नव्हते, कुणाला समजलेही नसते.

‘‘साखर नको. तिला कधीच नको होती. मला माहितेय.’’

दार उघडलं. एनिड आत येऊन उभी राहिली. ‘नको’ म्हटलं की जुळलं. टाळ्या पडतील, आणि इतक्या वर्षांनी क्लिफर्ड जिंकेल. हा मान त्याला द्यावा असं तिला फार वाटलं. पण मग तिला बिनसाखरेचाच चहा लागतो असं समजून तो एक दिवस जाईल, आणि खरं काय ते त्याला कळायचं राहूनच जाईल.

‘‘छातीवर हात, एनिड,’’ मॉरीन म्हणाली. ‘‘साखर किती?’’

‘‘दोन चमचे.’’

‘‘अरेरे, चुकलं की हो,’’ मॉरीन म्हणाली आणि दोनचार जण हसले. क्लिफर्डचा डावा हात कानाकडे गेला. एनिड त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तो हात धरून तिनं खाली घेतला.

‘‘ऐक आता. उठून जाता येणार नाही तुला. तुझ्या बरणीतली साखर होती ती, क्लिफ. तू कडू प्यायचास आणि मला गोड आणून द्यायचास. ती नको कशी म्हणणार होते मी?’’

तो बघत राहिला. ओठ हलले. ‘‘पण टीव्हीवर?’’

‘‘टीव्हीवर खरंच बोलले. तेव्हा नव्हतीच आवडत. तू द्यायचं बंद केलंस, तेव्हापासून मीच घालून घेते. तुझी दाढी चालली असायची ना, तेव्हा खाली जाऊन.’’ तिनं ट्रॉलीवरचा आपला चहाचा कप त्याच्यापुढे टेबलावर ठेवला. ‘‘मला आता तुझ्यासारखाच लागतो चहा. दुसरा जात नाही.’’

मॉरीननं पाटी पाठीमागे लपवली.

क्लिफर्डनं साखरेचं भांडं जवळ ओढलं. डाव्या हाताला सवय नव्हती. पहिला चमचा निम्मा टेबलावर सांडला, म्हणून त्यानं तो पुन्हा भरून घेतला. मग दुसरा. ढवळताना चहा बशीत उतरला. मॉरीन मदतीला पुढे होत होती, एनिडनं तिला नजरेनंच थांबवलं. कप तिच्यापुढे सरकवायला त्याला बराच वेळ लागला.

त्याचे ओठ हलले. आवाज नव्हताच, आणि तिला तो लागणारही नव्हता.

‘‘पी पोरी, गार होईल.’’

चहा केव्हाच गार झाला होता. एनिडनं तो सगळा प्यायला, बशीतलासुद्धा.