बायडीच्या पडवीतल्या सात बॅटऱ्या

बायडीला कुणी म्हातारी म्हटलं की ती आधी त्याच्या खानदानाचा उद्धार करायची आणि मग त्यालाच चहा द्यायची. मनोरहून डोंगराकडं वळलं की सात घरांचा एक पाडा लागतो. तिथं दिवाळीनंतर ती एकटीच उरायची. बाकी सगळे पोराबाळांसकट वीटभट्टीवर. बायडीचे गुडघे गेलेले, म्हणून ती मागं. कोंबड्या, शेळ्या आणि सात बॅटऱ्या तिच्या हवाली.

बॅटऱ्यांचं झालं असं. चार वर्षांपूर्वी एका संस्थेनं घरटी एक सोलरची पाटी, एक बॅटरी, चार्जिंगचा एक डबा आणि दोन दिवे दिले. विजेचे खांब पाड्यात होते, पण वीज आली तर आली. त्यामुळे दिव्यांचं कौतुक काय सांगावं! दिवाळी सरली, भट्टीवर निघायची वेळ झाली (तेव्हा बायडीही जायची), तशी माणसांनी चोरांच्या भीतीनं पाट्या छपरावरून उतरवल्या. बॅटऱ्या गोधडीत गुंडाळून, बियाण्याचं भात जपावं तशा कणगीमागं ठेवल्या आणि दारांना कुलपं लावली. पावसाच्या तोंडावर परत येऊन बघतात, तर सातच्या सात मेलेल्या!

संस्थेचा सुजीत डोक्याला हात लावून बसला. "अहो, बॅटरी नुसती ठेवली की मरते. मधून मधून चार्ज करावीच लागते."

"मंग आदी सांगायला तुजी जीभ झडली होती का?" बायडीनं तोंडावर विचारलं. त्यानं खटपट करून दुसऱ्या बॅटऱ्या आणल्या, पण तिसऱ्यांदा मिळायच्या नाहीत, हेही हात जोडून सांगितलं.

"माज्याकडं ठेवा," बायडी म्हणाली. "मी हाय ना."

तेव्हापासून दर दिवाळीनंतर सगळ्या बॅटऱ्या आणि त्यांचे चार्जिंगचे डबे तिच्या पडवीत ओळीनं यायचे. छपरावर पाटी एकच, तिची स्वतःची. रोज एका बॅटरीची पाळी. सकाळी पाटी पुसायची, लाल वायर लाल खुणेला, काळी काळ्याला. "आज एकनाथची पाळी. खा बाबा पोटभर," असं ती ज्याची बॅटरी त्याच्या नावानं तिला सांगायची. बॅटरीत बाटलीतलं पाणी किती घालायचं, हिरवा दिवा कधी लागतो, सगळं तिला पाठ. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं दोन वर्षांत एकही बॅटरी मरू दिली नाही. सुजीत म्हणायचा, नव्या बॅटऱ्या येतायत, त्यांना पाणीबिणी लागत नाही. "येतील तवा येतील," बायडी म्हणायची, "आज ह्यांचं बगू दे."

पण तिचे डोळे जात होते. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, पालघरला जाऊन ऑपरेशन करा, पुढं महिनाभर धूर नको, ओझं नको. महिनाभर! मग बॅटऱ्यांचं कोण बघणार? खरं तर महिनाभर चार्ज न करताही काही बिघडलं नसतं. सुजीतनं ते दहादा सांगितलं. पण एकदा सातच्या सात मेलेल्या पाहिलेल्या बाईला कोण समजावणार? मुलाला, विनोदला, तिनं फोनवर सांगितलं की मला सुईची भीती वाटते. साऱ्या पाड्यानं ते खरं मानलं, हसलेसुद्धा.

माघात साखरबाईच्या बॅटरीची पाळी आली. ही साखरबाई शेजारीण. नाव तेवढं साखर, जीभ मिरचीची. कोंबड्यांवरून दोघींची वर्षातून चारदा जुंपायची. बायडीनं वायर जोडल्या आणि फट्‌ आवाज झाला, जळका वास आला. लाल कुठली, काळी कुठली, तिला दिसलंच नव्हतं. साखरबाईचा डबा जळून गेला.

होळीपर्यंत बायडी रोज तो जळका डबा मांडीवर घेऊन बसायची. आता पाड्याचा आपल्यावरचा भरवसा उडणार, बॅटऱ्या उचलून नेणार, आणि बरोबरच आहे त्यांचं, असं ती स्वतःला बजावत राहिली.

होळीला माणसं घरी आली. बायडी जळका डबा पदरात घेऊन साखरबाईच्या दारात उभी राहिली. "तुजा डबा मी जाळला. वायर उलटी लावली. मना लाल-काळं कलत नाय आता."

साखरबाईनं डबा घेतला, उलटसुलट केला आणि बाजूला ठेवला. मग तिनं बायडीच्या तोंडापुढं दोन बोटं धरली. "किती?"

बायडीनं बोटं चाचपायला हात पुढं केला.

झालं! साखरबाई अंगणात गेली आणि अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडली. "मेल्यांनो, या हिकडं! सुईची भीती कसली, आपल्या बॅटऱ्यांपायी थांबली ही! सात घरांनी मिलून एका बाईचे डोले खाल्ले आपुन! डबा मनोरला मिलतो, डोला मिलतो का कुठं?" विनोद तर तिथंच आईचे पाय धरून बसला.

होळीनंतर माणसं भट्टीवर परतली, पण साखरबाई गेली नाही. नवऱ्याला एकट्याला पाठवून ती पाड्यात राहिली. विनोदनं आईला पालघरला नेलं. जीप वळेपर्यंत बायडी मान बाहेर काढून ओरडत होती, "आज एकनाथची! उद्या तुजी! पानी रेषेच्या वर नको!"

"जा गं बाय, जा!"

चार दिवसांनी ती काळा चष्मा लावून उतरली ती तडक पडवीत. सातही बॅटऱ्या जागेवर, पाटी पुसलेली. नव्या डोळ्यानं तिनं एकेक नीट पाहिली. प्रत्येक लाल वायरीला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती, घट्ट, गाठ मारून.

"हे काय गं? दिसतंय ना मना आता!"

"एकच डोला झालाय," साखरबाई म्हणाली. "दुसऱ्याचं व्हईपर्यंत हात लावून बगत जा. आन् ह्या नव्या डोल्याला ताण देऊ नको."

बायडीनं चिंधीवरून बोट फिरवलं. लुगडं साखरबाईचं सणाचं होतं, एकुलतं एक. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतलं पाणी चालतं की नाही, हे मात्र तिनं विचारलंच नव्हतं.