शैलाताईची डावी फिल्म

शैलाताईची राख अजून गरम होती आणि कंपनीत तिचं टेबल साफ झालं होतं.

आज तिचा तेरावा. माझं रडून झालंय. आता फक्त संताप उरलाय, तोच लिहितेय.

आमची कंपनी निघोज्याजवळ. गाड्यांच्या पार्ट्सची लेबलं बनवते. लॅबमध्ये आम्ही दोघीच, लातूरची शैलाताई आणि मी.

बाजारात डुप्लिकेट ब्रेक पॅड किती खपतात, तुम्हाला माहीतच आहे. खरा माल ओळखता यावा म्हणून ताईने पॉलिमरची फिल्म बनवली. निळा टॉर्च मारला की हिरवी चमकायची, आणि तिचा प्रकाश गोल फिरत बाहेर पडायचा.

फिल्म दोन. एकीचा प्रकाश उजवीकडे फिरणारा, दुसरीचा डावीकडे. लेबलवर दोन्ही शेजारी शेजारी हव्यात, नाहीतर खरं-खोटं कळत नाही.

नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

ताईने पिंपळे सौदागरच्या मल्टिप्लेक्समधून थ्रीडी चष्मा ढापून आणला होता. दोन्ही फिल्म तयार झाल्या त्या दिवशी तो माझ्या नाकावर चढवून म्हणाली, "एक डोळा झाक बरं. काय दिसायलंय?"

"ताई, एक फिल्म विझली!"

"आता दुसरा झाक."

विझलेली पेटली, पेटलेली विझली. मी लहान पोरीसारखी ओरडले.

"चपलेचा जोड हाय बघ हा. एकीवर भागत नसतंय."

उजवी लवकर जमली. डावीने मात्र वर्षं खाल्ली. रेणूंना उलटा पीळ काही बसेना. केमो घेऊनसुद्धा ही बाई डोक्याला स्कार्फ बांधून लॅबमध्ये हजर. शेवटी एक तुकडा जमला. तळहाताएवढा. एकच.

ती गेली. मी तिच्या आईजवळ थांबले होते. इकडे ऑडिट येणार म्हणून साहेबांनी फाइव्ह-एस काढलं. म्हणजे साफसफाई. जास्तीचं दिसेल त्याला लाल टॅग आणि थेट भंगार.

परत आल्यावर विचारलं, "साहेब, डावी फिल्म कुठंय?"

"मॅडम, दोन सेम होत्या. एक ठेवलीय ना. डुप्लिकेट कशाला सांभाळायची?"

डुप्लिकेट!

जिने डुप्लिकेट माल पकडण्यासाठी जिवाचं रान केलं, तिचंच काम डुप्लिकेट ठरवून फेकलं. अहो, वर मोठ्या अक्षरात 'डावी' लिहिलं होतं. वाचायला कुणाला फुरसत होती?

"परत बनवू की," म्हणाले. कोण बनवणार? मला तो पीळ अजून जमलेला नाही.

भंगारवाल्याकडे धावले. प्लॅस्टिकचे गठ्ठे दाबून गाडी निघून गेली होती.

आज ताईच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये तेराव्याला साहेब आले. हार घातला. "मॅडमचं काम आम्ही जपू," असं माइकवरून बोलले.

मला ऐकवेना. मी उठून बाहेर आले.

थोड्या वेळाने साहेब दारात, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा.

"मॅडम, माझा दुसरा बूट दिसला का हो?"

"साहेब, दोन सेम होते. एक ठेवलाय ना."

आधी हसले. मग हसू गेलं. तसेच गाडीकडे निघाले.

शैलाताई, भावपूर्ण वगैरे मला जमणार नाही. ही माझी संतापाची श्रद्धांजली घे आणि निवांत जा.

तुझी डावी मी बनवीन.

तोवर साहेबांचा डावा बूट माझ्या पिशवीत राहील.