डाव्या हाताचा नियम

"मनीषा स्टेजवर खुर्चीत बसेल," मुख्याध्यापक म्हणाले. "पाहुण्यांना बुके देईल. कार्यक्रम इन्क्लुझिव्ह दिसला पाहिजे, मॅडम."

बॅनर छापून आला होता: 'सर्वसमावेशक दीक्षाविधी'. दीक्षाविधी म्हणजे गाईड पथकात नव्या मुलींना दाखल करून घेण्याचा कार्यक्रम. मुलगी रांगेतून पुढे येते, तीन बोटांचा सॅल्यूट करून वचन म्हणते, तिला बॅज लागतो आणि ती गाईड होते. बुके देणारी गाईड होत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या शाळेत मी शिकवायचे मराठी, पण पथकाची कॅप्टनही मीच होते.

मनीषा सातवीतली. पेठ तालुक्यातली, मामाकडे शिकायला आलेली. उजवा हात जन्मतः कोपरापर्यंतच. वचन सगळ्यांच्या आधी तिचंच पाठ झालं होतं.

"बाई, मी खुर्चीत नाय बसणार," ती म्हणाली. "माझे पाय चांगले हायेत. मला बॅज पायजे."

मी मुख्याध्यापक सरांकडे गेले.

"सॅल्यूट उजव्याच हाताने," सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मी नियमपुस्तिका पुढे ठेवली. उजव्या हाताने शक्य नसेल तर डावा चालेल, अशी एक ओळ त्यात होती. सरांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

"बरं. पण पाहुणे हात मिळवतील तेव्हा? डावा हात पुढे करणार? बरं दिसतं का ते?"

आता गंमत अशी, की गाईडचं हस्तांदोलन असतंच मुळी डाव्या हाताने. आमच्या शाळेत मात्र डावा हात अशुभ म्हणून सरांनी तो कधीच उजवा करून टाकला होता. आणि मी इतकी वर्षं मान डोलावत आले होते. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला.

मी पुस्तिकेतलं हस्तांदोलनाचं पान उघडलं. "नियम म्हणजे नियम ना, सर?"

सरांनी पुस्तिका मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "करा काय करायचं ते."

कार्यक्रमाला आलेले पाहुणे लहानपणी स्काऊट होते. त्यांनी सरळ डावा हात पुढे केला. मुलींकडून मी दोन दिवस घोटून घेतलं होतं, पण स्टेजवर गेल्यावर त्या सगळं विसरल्या. पहिलीने उजवा दिला, दुसरीने दोन्ही, तिसरीने वाकून नमस्कार केला. मग मनीषा आली. डाव्याने सॅल्यूट, खणखणीत वचन, डावा हात.

"एवढ्या रांगेत हिलाच नियम माहीत आहे," पाहुणे माईकवरच बोलले. मी तिला बॅज लावला.

दुसऱ्या दिवशी सरांचा रिपोर्ट नोटीस बोर्डवर लागला. 'दिव्यांग मैत्रिणीसाठी सर्व मुलींनी डाव्या हाताने हस्तांदोलन करून सहानुभूती दाखवली.'

मनीषाने तो सावकाश वाचला. "बाई, बाकीच्यांचे हात तर चुकले. मग सहानुभूती कोणी दाखवली?"

रिपोर्ट काही बदलला नाही. पुढच्या वर्षी मी नव्या मुलींना हस्तांदोलन शिकवायला मनीषालाच उभं केलं. तिच्यापुढे उजवा हात केला तर हाताला काहीच लागत नाही. दोन मिनिटांत सगळ्या शिकल्या.