कानामागची जागा

"बाही वर घे," काकू म्हणल्या.

मी घेतली.

त्यांच्या घराची मागची गॅलरी. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मधे प्लॅस्टिकचा स्टूल, त्यावर मी. डावा हात गुडघ्यावर उताणा ठेवलेला. माझ्याच पिशवीतली वाटी, माझाच ब्रश. त्यांनी मी कालवलेलं ब्लीच घेतलं आणि मनगटाच्या वर चार बोटं जागा धरून फासलं. भिंतीला चुना लावावा तसं.

आतून त्यांच्या जाऊबाईंनी विचारलं, "अगं, तिच्या हाताला काय झालं तर?"

"हिचं काय, मुळातच काळी. डाग पडला तरी कुणाला दिसणार?"

आत दोघी-तिघी हसल्या. आणि मी पण हसले.

डागाचं मी पुढं चार जणींना सांगितलं. हसल्याचं गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगते.

मी तेव्हा सोलापुरात एका मोठ्या पार्लरात कामाला होते. बारावी झाल्यावर कोर्स केला होता. नवरीचं पॅकेज असलं की मॅडम मला घरी पाठवायच्या, कारण माझा हात हलका. लग्नाच्या तीन महिने आधीपासून जायचं. क्लीनअप, फेशियल, वॅक्सिंग, डी-टॅन, शेवटी हळदीच्या आधीचं उटणं. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं, की कुठलीही नवी वस्तू तोंडाला लावायच्या आधी नवरीच्या कानामागं चिमूटभर लावायची आणि एक दिवस थांबायचं. नवरीच्याच. प्रत्येकीची कातडी आपापलं बोलते. एकीला सोसलं म्हणून दुसरीला सोसेल असं नसतं. हे मला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मेघनाचं घर म्हणजे बंगला, दारात दोन गाड्या. मेघना काकूंची एकुलती एक मुलगी. रंगानं सावळी, नाकीडोळी अशी नीटस की बघत राहावं. पण मुलाकडच्या कुणीतरी साखरपुड्यात म्हणलं होतं, "थोडी उजळ असती तर जोडा शोभला असता." झालं. तेवढ्या एका वाक्यावर काकूंचं जेवण गोड लागेना. पहिल्या दिवशी मला बसवून म्हणल्या, "लग्नापर्यंत ही दोन शेड उजळली पाहिजे. काय लागेल ते लाव."

मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी "असं का" म्हणलं आणि विषय बदलला. त्या दिवसापासून माझा चहा कागदी कपात यायला लागला. बाकीच्यांना कपबशी. पाणी पाहिजे असेल तर मागायचं, माठाला हात लावायचा नाही. कुणी सांगितलं नाही तसं. पण आपल्याला कळतं की. आमच्या घरात हे सांगावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबर कळतं.

मी कानामागच्या जागेचं काढलं तेव्हा काकू दचकल्याच. "छे छे! तिच्या अंगावर प्रयोग नको. कानामागं डाग पडला आणि अंबाड्यात दिसला तर? तुझ्या हातावर बघू आधी."

मी म्हणायला पाहिजे होतं, काकू, माझ्या हातावर बघून काही कळत नाही. एवढंच वाक्य. दहा शब्दांचं पण नाही. ते तोंडातून निघालं नाही. मोठं घर. मॅडमची ताकीद होती, नवरीची आई म्हणेल ते. आणि खरं सांगू का, मला त्या घरात कुणीतरी कशाततरी धरतंय याचं बरंच वाटलं. चहाला कागदी कप, पण पोरीच्या तोंडासाठी माझा हात. माठाला शिवलेला चालत नव्हता तोच हात.

हे तेव्हा मला दिसलं नाही. डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

तर ते ब्लीच. दहा मिनिटांनी काढायचं असतं. काकू म्हणल्या, "जास्त वेळ ठेवलं तरच कळेल ना." अर्धा तास ठेवलं. पंधराव्या मिनिटाला आग व्हायला लागली. विसाव्याला डोळ्यांत पाणी. मेघना गॅलरीच्या दारात आली आणि म्हणली, "आई, तिला आग होतीय बहुतेक."

"तू आत जा. उन्हात उभी राहू नको," काकू म्हणल्या.

पुसलं तेव्हा खाली लालबुंद झालेलं. काकूंनी चष्मा लावून बघितलं. "हे नको बाई," म्हणल्या आणि हात धुवायला गेल्या. पुढं तिथं खपली धरली आणि रुपयाएवढा काळा डाग राहिला.

घरी आईनं बघितलं. माझी आई विड्या वळते. तंबाखूनं बोटं पिवळी, नखं फुटलेली. मी शाळेत असताना तिनं पालकसभेला येऊ नये म्हणून खोटं बोलायची, त्या बोटांमुळं. आईनं माझा हात उजेडात धरला.

"ह्ये कुणी केलं?"

"कामात झालं."

"खोटं बोलू नगं. भाजलं न्हाय ह्ये, लावलंय कुणी तरी."

मी सांगितलं. हसल्याचं सोडून सगळं. आईनं सुपातलं एक पान उचलून कातरलं. मग म्हणली, "आमच्यात तपासनीस विड्यांची छाट काढतोय. वाईट निघाल्या तर फेकून देतोय. पर विडी बघतोय गं. माझा हात कुणी बघत न्हाय. तुजा हात त्यांनी कशापाई बघितला?"

मी तिच्यावर ओरडले. "तुला पार्लरातलं काय कळतंय!" असं म्हणले. माझ्या आईला. दुसऱ्या दिवशीपासून मी पूर्ण बाहीचा ड्रेस घालायला लागले.

लग्नाला पंधरा दिवस राहिले आणि काकूंनी एक डबी आणली. नात्यातल्या कुठल्या बाईकडून. डबीवर नाव नाही, गाव नाही, काही नाही. आत पिवळसर मलम. "चार दिवसांत फरक पडतो म्हणे. बाही वर घे."

हाताचा दुसरा, चांगला राहिलेला तुकडा पुढं केला. तीन दिवस रोज लावलं. आग नाही, खाज नाही. चौथ्या दिवशी घरी आंघोळ केली आणि हात पुसताना थांबले. मलम लावलेला तेवढा तुकडा उजळ दिसत होता. बाजूच्या हातापेक्षा उजळ. मी खिडकीत नेऊन बघितला. आरशात बघितला. आणि मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण इतका आनंद झाला की मी तो हात गालाजवळ नेऊन रंग जुळवून बघितला. लहानपणापासून काळुंद्री म्हणून घेतलेली मी. त्या डबीतलं थोडं मलम मी कागदात बांधून घरी आणलं होतं. हो, चोरून. माझ्या तोंडासाठी.

त्या आनंदात मी काकूंना सांगितलं, "चांगलं आहे काकू. लावायला हरकत नाही."

कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं ते. मीच बोलले.

आणि मीच लावलं. माझ्या हलक्या हातानं, खालून वर, गोल गोल, मेघनाच्या गालाला, कपाळाला, हनुवटीला. मेघनानं डोळे मिटून विचारलं, "ताई, थोडं चुरचुरतंय. ठीक आहे ना?" मी म्हणलं, "होतं तसं सुरुवातीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन. "ताबडतोब ये."

मेघना पलंगावर बसलेली. डोळे सुजून बारीक झालेले, गाल लाल, हनुवटीची सालं निघत होती. लग्न अकरा दिवसांवर. दुपारी मावशीकडं केळवण होतं, ते रद्द केलेलं. घर नातेवाईकांनी भरलेलं. मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या.

मला बघितल्या बघितल्या काकू उठल्या. "तू चांगलं म्हणाली होतीस! तुझ्या हाताला काही झालं नाही म्हणून लावलं. होणार कसं? तुम्हा लोकांची कातडीच जाड. तुम्हाला काही होत नाही!"

तुम्हा लोकांची.

एका बाईनं पदर तोंडाला लावला. मॅडम माझ्या कानाशी आल्या आणि म्हणल्या, "पाया पड. विषय संपव."

मी पडले. काकूंच्या पायांवर डोकं टेकवलं, सगळ्यांदेखत. मेघनासाठी टेकवलं असतं तर एक वेळ ठीक होतं. तिचं मी नुकसान केलं होतं. पण मी टेकवलं ते काकूंपुढं, काम जाऊ नये म्हणून. उठले तर समोरच्या आरशात मीच दिसले, केसांत त्यांच्या पायपुसणीचा दोरा अडकलेला.

तेवढ्यात मेघनाचे वडील त्वचेच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन आले. नवीन ट्यूब, चिठ्ठी, त्यावर वेळा लिहिलेल्या. काकूंनी ट्यूब उघडली. मेघनाकडं गेल्या नाहीत. माझ्याकडं वळल्या.

"बाही वर घे. आता विषाची परीक्षा नको."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. आत्ताच म्हणल्या होत्या, तुम्हा लोकांची कातडी जाड. आणि आत्ताच परत माझी कातडी मागत होत्या, पोरीच्या कातडीसाठी. जाड असेल तर कशाला पाहिजे? आणि सारखी असेल तर कागदी कप कशाला? दोन्ही एकदम खरं कसं असेल? आईनं विचारलेलं तेव्हा आठवलं. तुजा हात त्यांनी कशापाई बघितला?

माझा उजवा हात सवयीनं बाहीकडं गेला होता. तो मी खाली घेतला.

"नाही," मी म्हणलं.

"काय?"

"माझ्या हातावर नाही लावणार. औषध तिचं आहे. तिच्या कानामागं लावा. पहिल्या दिवशीच तिथं लावायला पाहिजे होतं. माझ्या हातावरनं तिचं काही कळत नसतं."

मॅडमनी माझा दंड धरला. काकूंचा आवाज चढला, काय काय बोलल्या ते आता आठवत पण नाही. आठवतं ते मेघनाचं. सुजलेल्या डोळ्यांनी ती माझ्याकडं बघत होती. हळू आवाजात म्हणली,

"ताई, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

काकूंना उत्तर देणं सोपं होतं हो. याचं अवघड गेलं.

"हो," मी म्हणलं. "माहीत होतं."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी पिशवी उचलली आणि निघाले. काम त्याच दिवशी गेलं. तिचं लग्न ठरल्या दिवशी झालं, जाड मेकअप करून झालं, असं ऐकलं. डाग राहिले का गेले मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही. घरी जाऊन कागदातलं ते मलम मी मोरीत टाकलं आणि आईला हसल्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं. आई म्हणली, "उशीर केलास." जवळ घेतलं नाही. मला ते बरोबर वाटलं.

आता सोलापुरातच भवानी पेठेत एका खोलीत माझं पार्लर आहे. एक खुर्ची, एक आरसा, एक माठ. माठ दाराशी आहे, कुणीही उठून पाणी घ्यावं. विणकरांच्या तेलुगू बोलणाऱ्या पोरी येतात, मुसलमान घरातल्या येतात, आमच्या वस्तीतल्या येतात. "बाजी, हल्दी के पहले गोरी कर दो ना," म्हणतात. मी सांगते, गोरं करून मिळणार नाही. स्वच्छ करून देईन, तुकतुकी आणून देईन, तुझा रंग तुझा. निम्म्या उठून जातात. जाऊ देत.

गेल्या आठवड्यात एक बाई लेकीला घेऊन आली. पर्समधून डबी काढली. बिननावाची.

"लई भारी आहे म्हणत्यात. आधी तुमच्या हातावर लावून बघा की."

बाई वाईट नव्हती. आमच्यासारख्याच घरातली होती. म्हणून जास्त लागलं. म्हणजे हे आमच्यात पण शिरलंय.

आता मी अर्ध्या बाहीचं घालते. डावा हात तिच्यासमोर धरला, डागासकट. "माझं बघून झालंय," म्हणलं. "ही डबी माझ्या खुर्चीवर उघडायची नाही. बाकी जे काही लावीन, ते आधी पोरीच्या कानामागं, आणि तिला विचारून. तिला काय वाटतंय ते ती सांगेल, तुम्ही नाही, मी पण नाही. पटत असेल तर बसा."

बाईनं डबी पर्समध्ये टाकली आणि लेकीला उठवायला लागली. लेक उठेना. माझ्या हाताकडंच बघत होती. मग तिनं विचारलं, "दुखलं होतं का?"

"लई," मी म्हणलं. "आणि मी हसले होते."

पहिल्यांदा तोंडातून निघालं ते. आईला सांगितलं नव्हतं, त्या अनोळखी पोरीला सांगितलं. बाई लेकीला ओढून घेऊन गेली. खुर्ची रिकामी राहिली दुपारभर.

राहू दे. महिनाभर राहिली तरी चालेल. हा हात आता कुणाच्या तोंडासाठी उताणा होणार नाही, आणि माहीत असताना हे तोंड परत बंद राहणार नाही.