देवाच्या दोन ढेपा

कन्हेरीच्या प्रतिक्षाला लहानपणापासून प्रश्न विचारायची भारी खोड. मेंढीचं वय दातांवरूनच का काढायचं, असं विचारून तिनं चुलत्यांना भंडावलं होतं. ‘ही सासरी कशी नांदायची!’ म्हणून आजीनं कपाळाला हात लावला. पोरगी नांदली, वर बारामतीत मुलांच्या दवाखान्यात सिस्टर झाली.

तिथं तिला एका गोष्टीचं फार नवल वाटे. मोठ्या माणसाला गोळी दिली की झालं. लेकराला मात्र सगळं वजनावर. कमी पडलं तर गुण नाही, जास्त गेलं तर जिवाशी गाठ.

त्या दुपारी भवानीनगरचे महिपती आबा नातवाला कवटाळून धावत आले. तीन वर्षांचा शंभूराज शेततळ्यात पडला होता. दारापर्यंत तो कण्हत होता. टेबलावर ठेवला आणि नाडी थांबली. ज्ञानेश डॉक्टर छाती दाबू लागले, जोडीदार डॉक्टरनं श्वासाचा फुगा धरला, श्रेया सिस्टरनं सुई लावली.

“अॅड्रिनलिन भरा. वजन किती?” थांबलेलं काळीज चालू करायचं औषध ज्ञानेश डॉक्टरांनी मागितलं.

“वीस किलो!” दारातून आबा ओरडले. “परवाच नरसिंहपूरला नवस फेडलाय. गुळानं तोलला की!”

प्रतिक्षानं पोराकडं पाहिलं. ही काटकुळी काडी, अन् वीस किलो? उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी पट्टी ती डोक्यापासून टाचेपर्यंत अंथरतच होती, पण तोंड थोडंच गप्प बसतंय!

“आबा, ढेपा फोडल्या का अख्ख्याच ठिवल्या?”

“अख्ख्याच! देवाच्या ढेपंला कोयता लावायचा व्हय? धा किलोच्या एकीनं पोरगं उचललं न्हाय, म्हणून दुसरी घातली. मंग पारडं दाणकन खाली आलं!”

पट्टी तेरा सांगत होती.

“डॉक्टर, तेरा धरते. वीस गुळाचे.”

“तेराच धरा.”

तिनं औषध पातळ केलं, काय घेतलं अन् किती घेतलं ते मोठ्यानं बोलली. श्रेयानं बाटलीवरचं नाव स्वतः वाचलं, हिशेब स्वतः केला. दोघींचं जुळल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हा तिथला दंडक. घाईत तर हटकून पाळायचा. जुळलं, मग दिलं. डॉक्टर दाबत राहिले. दुसरा डोस गेला, आणि थोड्या वेळानं बोटाखाली नाडी लागली.

काही दिवसांनी पोरगं उठून हिंडू लागल्यावर आबांनी तिला गाठलं. “ताई, मी खोटं न्हाय बोललो.”

“न्हाय आबा. देवाला जादा घातलेलं चालतं, ह्या औषधाला न्हाय चालत. पोराच्या काळजाला सोसलं नसतं.”

“मंग खरं किती हाय?”

तिनं शंभूराजला काट्यावर उभं केलं. काटा तेरालाही पुरता पोचला नाही. आबा वाकून बघत राहिले.

“येवढंच हाय व्हय माझं पोरगं,” ते म्हणाले, आणि इतके दिवस धीरानं उभा राहिलेला म्हातारा टॉवेलात तोंड खुपसून रडला.